तिसरा हात

मुहर्रकमध्ये, बस आगाराच्या मागच्या गल्लीत,
आमच्या खोलीत दोन शेगड्या आहेत, ओव्हन नाही.
होता तो घरमालकाने नेला,
त्या जागी आता चपला असतात.

तरी रोडेल म्हणाला, कोंबडी भाजायचीच.
उद्या पहाटे त्याचं विमान. करार संपला.
अकरा वर्षं गोदीत, माझ्याच फळीवर उभं राहून
जहाजांच्या पोटाला रंग मारला त्याने.
त्याचं माप बाटलीच्या झाकणाचं:
सोया सहा झाकणं, व्हिनेगर दोन,
लसूण ठेचून. किती?
हात थांबेल तेवढा.
मध संपलेला. मग मी खजुराचा पाक ओतला,
शेजारच्या उम्म हसनने रमजानात दिलेला,
काळा, जाड, डांबराचा सख्खा भाऊ.
रोडेलने नाक मुरडलं. बोट बुडवलं. चाटलं.
काही न बोलता आलं किसायला घेतलं.

पाक आटताना बुडबुडे आधी घाईत असतात,
मग एकेक करून आळसावतात.
चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी,
रेघ मिटली नाही की शेगडी बंद.
हे मला कुणी शिकवलं नाही.
शिकवलं असेल तर नवसागराच्या धुराने.

अब्बा कवठे महांकाळच्या बाजारात भाता मारायचे.
तापलेल्या पातेल्यात कथलाची कांडी टेकवली
की कापसाचा बोळा फिरायचा, एकदाच,
आणि पिवळ्या पितळेत बघता बघता उजाडायचं.
बायका त्यात तोंड बघायच्या.
अब्बा म्हणायचे, चकाकी नका बघू बाई,
आमटी कळकू नये म्हणून असते ही.

मग स्टील आलं.
भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं.
मी पासपोर्ट काढला.

ट्रे घेऊन जिना उतरलो, रोडेल पुढे, दारं धरत.
गुलूमच्या भट्टीत खुब्ज भाजतात सकाळ-संध्याकाळ,
मधल्या वेळात आग नुसती बसून असते.
त्याने वाकून पाहिलं.
"ये क्या है? पेट्रोल?"
म्हटलं, तुमच्याच विहिरीचं.
हसला, आणि लांब दांड्याचं फळं पुढे सारलं.

पहिला हात कोरड्या कातडीवर. सगळा पिऊन टाकते ती.
दुसरा वीस मिनिटांनी, चरबी सुटू लागल्यावर.
घाई केली तर ओघळतो, ओघळला की कडेला करपतो.
रंगाचंही तेच.
रोडेलने आणि मी एकमेकांकडे न बघता मान हलवली.
ब्रश गोदीतलाच, दोन इंची, कोरा,
स्टोअरकीपरला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या हातासाठी ट्रे तोंडाशी ओढला.
झळ अशी की भुवया कुरकुरल्या.
रोडेल म्हणाला, तू मार.
मी म्हटलं, तू.
तो म्हणाला, तू इथे राहणार आहेस.
हे काही कारण नव्हतं,
पण मी ब्रश घेईपर्यंत गुलूमने तो हिसकावला
आणि पिठाने माखलेल्या हाताने
मानेपासून तंगडीपर्यंत फिरवला.
एकदाच. बोळा फिरतो तसा.
मी त्याच्या मनगटाकडे बघत राहिलो.
गुलूम म्हणाला, काय झालं?
धूर गेला डोळ्यात, म्हटलं.
धूर नव्हताच.

उभ्यानेच खाल्लं, खुब्जवर तीळ भुरभुरून.
गोड आधी लागतं, मग खारं, मग घशात आलं.
एक पंख पार कोळसा झालेला,
त्यावरच तिघांचं भांडण.
रोडेलने हाडं कागदात बांधली,
जिन्यातल्या मांजरीसाठी. मांजर त्याची.
म्हणजे आता माझी.

साडेचार वाजलेत. टॅक्सी गेली.
ट्रेच्या कोपऱ्यात पाक बसलाय घट्ट,
नखाने निघत नाही. तारेच्या घासणीने निघेल,
पण खालचं ॲल्युमिनियमही जाईल त्याबरोबर.
गरम पाणी घालून ठेवलाय भिजत.
कामावरून येतो, मग बघू.